न केलेलं उपोषण

वकिली सुरू केली तेव्हा मला वाटायचं, आपण कोर्टात उभे राहिलो की खांब हलतील. बेळगावच्या कोर्टाचे खांब चांगले जाडजूड होते, ते काही हलले नाहीत. माझ्या आवाजाने फार तर आढ्यावरची कबुतरं उडायची आणि न्यायाधीश चष्मा वर सरकवून म्हणायचे, "वकीलसाहेब, आम्हाला ऐकू येतं." त्यावर मी आणखी वरच्या पट्टीत म्हणायचो, की ऐकू येत असेल तर ते निकालात दिसू दे! असा स्वभाव. माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हे घरात गरीब असतात हो, पण त्याचं श्रेय सरकारला आहे. सगळा राग तिकडेच संपतो."

माझ्या बरोबरीचे वकील जमिनीचे आणि वाटणीचे दावे चालवून सुखात होते. मला मात्र नागरी हक्कांचं खूळ लागलं. बाररूममध्ये हा शब्द मी उच्चारला की लोक मला बसायला खुर्ची देत आणि स्वतः उठून जात. माझी मागणी तशी अगदी साधी असे. माणसाला धरलंत, तर का धरलंत ते त्याला सांगा आणि जे सांगाल ते खरं सांगा. पण एवढं म्हटलं तरी सरकारी वकील असा दचकायचा, जणू मी त्याची खुर्चीच मागितली. माझे पक्षकार म्हणजे सभाबंदी मोडलेले, पत्रकं वाटताना सापडलेले, नाही तर नुसती पांढरी टोपी घालून चुकीच्या चौकात उभे राहिलेले. बेळगुंदीचा पक्षकार असला की रताळी यायची, सांबऱ्याचा असला की भाजी. आमची फी अशी जमिनीतून उगवून यायची आणि बायको ती परातीत घेऊन म्हणायची, "चला, आज स्वातंत्र्याची भाजी."

बेचाळीस साली तर धरपकडीला ऊतच आला. तुरुंग भरले, चावड्या भरल्या, शेवटी सरकारने मिळेल ती मोठी इमारत ताब्यात घेऊन तिला कुलूप लावायचा सपाटा लावला. निपाणीत मोठ्या इमारती म्हणजे तंबाखूच्या वखारी. तिथल्या एका वखारीत कच्चा तुरुंग उघडला होता, एवढं माझ्या कानावर आलं होतं. मग एके सकाळी निपाणीच्या एक बाई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. वयाने साठीच्या आसपास, अंगाने काटक, बोलणं खणखणीत. त्यांना सगळे आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणू लागलो.

"वकीलसाहेब, आमच्या मालकांना आत टाकलंय," त्या म्हणाल्या.

"काय केलं त्यांनी?"

"बसले."

"कुठे बसले?"

"आपल्याच दुकानाच्या पायरीवर."

हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या मालकांना, म्हणजे अण्णांना, सगळी निपाणी ओळखत होती. जैन घराणं, तंबाखूचा जुना व्यापार, गावाबाहेर थोडी शेती. बाजारात सभा चालली होती. पोलिसांनी दंडुके उगारले आणि सभा पांगली. वक्तेसुद्धा पळाले. अण्णा तेवढे आपल्या पायरीवर बसून राहिले. अंमलदार म्हणाला, ऊठ. अण्णा म्हणाले, "पायरी माझी हाय. मी उठून कुठं जाऊ?" दुसरं कुणी हाती न लागल्यामुळे अंमलदाराने सभेचा हा एकुलता एक श्रोता उचलला आणि लढाईच्या कायद्याखाली, चौकशी न करता, आत टाकला.

"आन ठेवलंय कुठं ठाऊक हाय?" आक्का म्हणाल्या. "आमच्याच वखारीत."

मला हसू आवरेना. खोटं कशाला बोलू, मी मांडीवर थाप मारून हसलो.

"हसा. मीबी पयल्यांदा हसले," आक्का म्हणाल्या. "पण मालक वाळत चाललेत. आन आता हे बघा." त्यांनी पदराच्या गाठीतून एक चुरगळलेलं पत्रक काढलं. रातोरात छापून वाटतात तसलं. त्यात अण्णांना निपाणीचा सिंह म्हटलं होतं आणि सिंहाने आमरण उपोषण आरंभल्याचं जाहीर केलं होतं. "आमरण म्हंजे मरेपत्तोर न्हवं?"

"हो."

"मला त्यांनी काय सांगितलं न्हाय," आक्का म्हणाल्या, आणि मघापासून खणखणीत असलेला त्यांचा आवाज एकदम बसला. "चाळीस-पन्नास वर्षांचा संसार झाला. असलं काय करायचं असंल तर माणूस सांगतं की नाय? वकीलसाहेब, मला माझं माणूस घरला आणून द्या. बाकी काय नको."

दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का मोटारीने निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीला मागे कोळशाची भट्टी जोडलेली होती, तिच्या धुरावर ती चालायची, म्हणजे सपाटीला चालायची. तवंदीच्या घाटात ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे मागे वळून पाहिलं आणि पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे खाली उतरून ढकलू लागली. मी काळा कोट काढून आक्कांकडे दिला आणि खांदा लावला. तिकीट काढून मोटार ढकलायची, हा कुठल्या कायद्यात बसणारा प्रकार आहे, असं मी ड्रायव्हरला ओरडून विचारलं. तो म्हणाला, "सायेब, बोलू नका, दम जातोय."

वखारीच्या दारात पोचलो आणि पहिलं पाऊल आत टाकताच मला शिंक आली. पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि तोही शिंकला. वर्षानुवर्षं तंबाखू साठवलेली जागा ती. जमिनीत, भिंतीत, पत्र्यात सगळीकडे तिची पूड मुरलेली. आतले कैदी शिंकत होते, बाहेरचे शिपाई शिंकत होते. इंग्रजी राज्यात राजा आणि रंक यांना सारखं वागवणारी एवढी एकच जागा मी पाहिली.

जेलर म्हणून पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांना पुन्हा कामावर बोलावलं होतं. गृहस्थ दूर साताऱ्याकडचे, मिशीला पीळ, मनाने चांगले, पण नियमाबाहेर श्वाससुद्धा न घेणारे. मी विचारलं, "सुभेदारसाहेब, अण्णांचं उपोषण कधीपासून चालू आहे?"

"आले तेव्हापासून," ते म्हणाले. "संध्याकाळची भाकरी घेत नाहीत. जेवण नाकारलं की नियमानं ते उपोषण. मी वर कळवलं."

"संध्याकाळची भाकरी किती वाजता मिळते?"

सुभेदारांनी खांदे उडवले. चूल एक, माणसं ढीगभर. पहिल्या खणापासून वाढत यायचं, शेवटच्या खणाची पाळी येईपर्यंत दिवेलागण होते. अण्णा शेवटच्या खणात.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते जैन आहेत! सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत! अख्ख्या निपाणीत शेंबड्या पोराला ठाऊक आहे हे!"

"असेल," सुभेदार म्हणाले. "नियमात धर्म लिहिलेला नाही, जेवण लिहिलंय. तरी मी माणुसकीनं म्हटलं त्यांना, की उपोषण सोडलं असं लिहून द्या, उद्यापासून तुम्हाला आधी वाढतो. तर म्हणाले, धरलंच न्हाय ते सोडू कसं? आता यावर मी काय बोलू?" आणि सुभेदार शिंकले.

सकाळच्या जेवणाची कथाही तीच. आमटीत कांदा आणि लसूण, तो अण्णांना चालत नाही. म्हणून ते नुसती भाकरी आणि मीठ खात. पाणी गाळून पिण्यासाठी उपरणं जवळ होतं, ते सुभेदारांनी काढून घेतलं होतं, कारण कैद्याजवळ लांब कापड ठेवलं तर तो गळफास लावून घेईल, असा नियम. मी विचारलं, गळफास घ्यायचा असता तर या माणसाने पाणी गाळलं असतं का? सुभेदारांनी बराच विचार केला आणि उपरणं परत दिलं.

मी निघणार तेवढ्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "वकीलसाहेब, एक आतली गोष्ट सांगतो. वरून रोज विचारणा येतीय, म्हाताऱ्याची प्रकृती कशी आहे. त्या पत्रकामुळं साहेब लोक घाबरलेत. माणूस आत मेला तर आग भडकेल, त्यापेक्षा प्रकृतीच्या कारणावरून सोडून द्यावं, असं चाललंय. तुम्ही काही बोलू नका. थोडी कळ काढा, म्हातारा घरी जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. असली केस मला आयुष्यात मिळाली नव्हती. बोलायचं नाही आणि जिंकायचं! मी जवळजवळ पळतच शेवटच्या खणाकडे गेलो.

अण्णा एका पोत्यावर बसले होते. गालफडं आत गेलेली, पण डोळे मिस्कील. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे मी उपास केला म्हणून सुटणार," ते म्हणाले.

"अगदी बरोबर."

"पण मी उपास केला न्हाय."

"ते त्यांना ठाऊक नाही, अण्णा!"

"मला ठाऊक हाय की."

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अहो, तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय, तुम्ही फक्त गप्प बसा! सरकार आपल्या चुकीने तुम्हाला सोडत असेल तर तुमच्या बापाचं काय जातं! हे इतक्या मोठ्याने म्हणालो की आसपासचे कैदी उठून बसले, आणि वाक्य संपायच्या आधीच मला अशी शिंक आली की बापाचा तो उल्लेख तिच्यातच वाहून गेला.

अण्णांनी मला आपलं गाळलेलं पाणी दिलं. "वकीलसाहेब, तापू नका. बाहेर लोक माझ्या नावानं घोषणा देत्यात. ऐकू येतंय मला. मी बाहेर गेलो की हार घालतील, सिंह म्हणतील. मी काय सांगू त्यांना? भाकरी उशिरा आली म्हणून खाल्ली न्हाय, असं? माझा अर्ज एवढाच करा, दिवस असताना भाकरी द्या. दुसरं काय नको."

"भाकरी वेळेवर मिळाली तर सुटका विसरा. आत राहाल."

"ऱ्हाईन की. वखार माझीच हाय. हे लोक पत्रं गळत्यात तरी बघत न्हाईत."

बाहेर आक्का वाट पाहत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तशा त्या माझ्यावरच उखडल्या. "त्यांचं काय ऐकताय? तुम्हाला बेळगावास्नं आणलं कुणी? मी! त्यांना खरं-खोटं करत बसू द्या. तुम्ही गप ऱ्हावा आन मालकांना बाहेर काढा. मी सांगते ते करा."

असा मी दोघांच्या कचाट्यात सापडलो. परतीच्या मोटारीत, घाट उतरताना, ढकलायचं काम नव्हतं म्हणून विचार करायला वेळ मिळाला. खरं सांगतो, मन आक्कांकडे होतं. कुणाचं नसेल? घरी आल्यावर बायकोला विचारलं. ती म्हणाली, "उपाशी कोण आहे? ते ना? मग त्यांचं ऐका." शिवाय माझं एक दुखणं होतंच. जन्मभर मी सरकारच्या मागे लागलो होतो की माणसाला का धरलं ते खरं लिहा. आता त्याच सरकारला म्हणू का, की हा का सुटला ते खोटं लिहा? मी चरफडत बसलो आणि अर्ज लिहिला. माझ्या सगळ्या वकिलीतला तो सर्वांत लहान अर्ज. माझे पक्षकार उपोषणाला बसलेले नाहीत, त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवण मिळावं, ते जेवतील. एवढंच.

उत्तर लवकर आलं. प्रांतसाहेब, म्हणजे त्या भागाचे मोठे अंमलदार, स्वतः संध्याकाळी वखारीत येणार होते. कैद्यासमोर जेवण ठेवायचं. जेवला तर उपोषण नाही. न जेवला तर उपोषण खरं धरून पुढची कारवाई. घरचा डबा आणायचीही परवानगी होती.

त्या दिवशी सकाळीच मी निपाणीला जाऊन आक्कांना हे सांगितलं. त्या दारातच उभ्या होत्या.

"आज जेवले तर आतच ऱ्हाणार," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन न्हाय जेवले तर?"

"तर बहुतेक सुटतील. डबा तुम्हीच आणायचा आहे, आक्का. तुरुंगाची भाकरी शेवटच्या खणात पोचेपर्यंत दिवेलागण होते."

आक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. आपटूनच लावलं. मी रस्त्यावर उभा राहिलो आणि मनात म्हटलं, बरं झालं. बाई डबा आणणार नाही. म्हातारा घरी येईल, मी माझं काम केलेलं असेल आणि कुणालाच काही खोटं बोलावं लागणार नाही. मला तर हायसंच वाटलं.

दुपारपासून वखारीपुढे गर्दी जमू लागली. हार होते, झेंडे होते, सिंहाच्या नावाचा जयजयकार होता. पत्रक काढणाऱ्यांपैकी एक तरुण गृहस्थ माझ्या अंगावर धावून आले. "वकीलसाहेब, तुम्ही हे काय चालवलंय? इतकं चांगलं उपोषण! देशाचं नुकसान करताय तुम्ही!"

"देशाला सांगा, आधी जेवून ये," मी म्हणालो. ते म्हणाले, तुम्ही सरकारचे हस्तक आहात. आयुष्यात मला हे पहिल्यांदाच कुणी म्हणालं. सरकारी वकिलाने ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि डोक्यावर टोपली घेऊन आक्का आल्या. सूर्य अजून चांगला वर होता. टोपलीत फडक्यात बांधलेल्या जोंधळ्याच्या भाकऱ्या, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, शेंगाची चटणी, दह्याचं गाडगं. वाफ अजून निघत होती.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "आक्का, तुम्हाला तर नको होतं हे."

"व्हय. नकोच हाय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झालेले दिसत होते. "सकाळपास्नं चुलीला शिव्या घालत बसले. पण ताट पुढं मांडायचं म्हणत्यात आन मी उपाशी कशी ठिवू? घ्या. आत न्या. निवायच्या आत."

त्यांना आत सोडलं नाही. त्या दाराबाहेरच्या पायरीवर बसल्या.

आत सुभेदारांनी एक टेबल, एक खुर्ची आणि साहेबांसाठी फुलदाणी मांडली होती. फुलदाणी कुठून आणली ते देव जाणे. अण्णा जमिनीवर ताट घेऊन बसले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट ताटात पडत होतं. साहेबांचा पत्ता नव्हता.

"अण्णा, जरा थांबा," मी म्हणालो. "साहेबांनी पाहिलं पाहिजे."

"थांबतो की," अण्णा म्हणाले. त्यांनी बोटाने खिडकी दाखवली. "पण ते थांबतंय का बघा."

आता माझी जी तगमग झाली ती सांगण्यासारखी नाही. ऊन ताटातून निघालं, अण्णांच्या गुडघ्यावर आलं, मग भिंतीवर चढलं. अण्णांना आता जेवा म्हणावं तर साहेब म्हणतील, रिकामं ताट कुणीही दाखवील. थांबा म्हणावं तर सूर्य बुडणार, साहेब येणार, समोर भरलेलं ताट आणि न जेवणारा माणूस पाहणार, आणि माझ्याच अर्जाने उपोषण शाबीत होणार. सुभेदार दारापर्यंत जात, रस्ता बघत, परत येत. मी खिडकीपाशी उभा राहून सरकारच्या मोटारीला, सरकारच्या घड्याळाला आणि खुद्द सूर्यालाही बोल लावत होतो. अण्णा मात्र भाकरीच्या वासाने डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती. तो माणूस किती भुकेला आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा खरोखर दिसलं.

शेवटी भोंगा वाजला, तेव्हा भिंतीच्या टोकाला उन्हाची एक चिरी अजून उरली होती. बाहेर जयघोष उठला. प्रांतसाहेब आत आले आणि आल्या आल्या लागोपाठ शिंकले. घाटात मोटार बंद पडली होती, म्हणाले. साहेब आपल्याच देशातले, पण कपाळावर आठ्या विलायती. सुभेदार अहवाल वाचायला लागले. मी ओरडलो, "अहवाल मागाहून! आधी जेवण!" अण्णांनी हात जोडले आणि पहिला घास घेतला.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "तुम्ही उपोषणाला बसला होता काय?"

अण्णा गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. अण्णांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "मी प्रश्न विचारतोय! उत्तर द्यायला नकार? म्हणजे उपोषण, आणि वर असहकार?"

हे आता काय नवीन? अण्णा डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवत होते आणि माझ्याकडे विनवणीच्या नजरेने बघत होते. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांच्यात जुने लोक मौन पाळून जेवतात! ताटावर बसलं की हात धुवेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. म्हाताऱ्याने सूर्यास्ताचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, आणि हे तेवढं सांगायचं राहिलं.

"साहेब!" मी गरजलो. या खेपेला शिंक मध्ये आली नाही. "त्यांच्या तोंडात घास आहे! उपोषणवाल्याच्या तोंडात घास असतो काय? याहून स्पष्ट उत्तर मी कुठल्या साक्षीदाराकडून ऐकलेलं नाही!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. भाजी संपत आली होती. आमटी संपली होती. अण्णा दह्याचं गाडगं बोटाने निपटत होते. साहेबांच्या आठ्या हलल्या, ओठ हलले, आणि ते असे हसले की हसता हसता पुन्हा शिंकू लागले. तोवर अण्णांनी चूळ भरली, हात पुसले आणि म्हणाले, "हां. आता विचारा."

"उपोषण होतं का?"

"न्हाय. भूक लागलीती."

साहेबांनी लिहिलं. कैदी उपोषणावर नव्हता. यापुढे शेवटच्या खणाला दिवस असताना वाढावं. मग टाक खाली ठेवून ते मला म्हणाले, "अभिनंदन, वकीलसाहेब. केस जिंकलात. साहजिकच आता प्रकृतीच्या कारणावरून सुटकेचा प्रश्न उरत नाही."

मी अण्णांकडे वळलो. काय बोलावं सुचेना. मलाच, ज्याच्या आवाजाने कबुतरं उडतात!

"खरं ते लिवलं न्हवं? झालं तर," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "घरला जावंसं वाटत न्हाय असं समजू नका, वकीलसाहेब. लई वाटतं. तिला सांगा, चटणी झकास झालती." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मी बाहेर आलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. सिंह जेवला म्हटल्यावर गर्दी ओसरली. पत्रकवाले गृहस्थ हार पिशवीत भरून माझ्याकडे न बघता निघून गेले. पायरीवर एकट्या आक्का होत्या.

"जेवले?"

"जेवले."

"पोटभर?"

"काही ठेवलं नाही. चटणी झकास झाली होती म्हणाले."

आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडल्या. मी रिकामी टोपली धरून तसाच उभा राहिलो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा दोष तंबाखूवर ढकलायची सोय दाराबाहेर नव्हती. मग त्यांनी डोळे पुसले आणि मांडीखालून एक लहानसं फडकं काढलं. त्यात त्यांची स्वतःची भाकरी होती. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. आत मालक जेवले असं कळल्यावर मग जेवायचं, म्हणून बांधून आणलेली. त्यांनी गाठ सोडली आणि मान वर करून पश्चिमेकडे बघितलं. वखारीच्या पत्र्यामागे सूर्य गेला होता. खालच्या गल्लीत दिवे लागत होते.

त्यांनी गाठ पुन्हा मारली.

"आक्का," मी म्हणालो, "आजचा एक दिवस तरी..."

"असं काय बघताय?" आक्का म्हणाल्या. "सकाळी खाईन की." आणि माझ्या हातातली टोपली घेऊन त्या घराकडे चालू लागल्या.